चंचलबेनचा साडेतीन

चंचल बाविस्कर आमच्या लॅबमध्ये चौदा वर्षं होती आणि त्यातली निदान पाच वर्षं ती एक खोटा आकडा लिहीत होती. तो आकडा टाइप करणारा मी. हे आधीच सांगतो, म्हणजे मी नुसता बाजूला उभा राहून बघत होतो असा कोणाचा समज व्हायला नको.

लॅब सुरतेत, उधना-मगदल्ला रोडवर, दुसऱ्या मजल्यावर. आमचं काम कापड तपासण्याचं. पलसाण्याच्या डाइंगवाल्यांचं, म्हणजे कापड रंगवणाऱ्यांचं, कापड परदेशी जायचं असलं की त्याचा तुकडा आधी आमच्याकडे येतो. रंग धुण्यात जातो का, घासून निघतो का, घामाने उतरतो का, हे बघून आम्ही एक ते पाच असे गुण देतो. पाच म्हणजे उत्तम. एक म्हणजे रंग गेलाच. मी रिपोर्ट टाइप करतो आणि मालक गोपालभाई त्यावर सही करतात.

घामाची चाचणी चंचलकडे होती. घाम दोन प्रकारचा धरतात, म्हणून द्रावणंही दोन, ॲसिडचं आणि अल्कलीचं. दोन्ही रोज ताजी करायची. कापडाचा एकेक तुकडा पांढऱ्या पट्टीला शिवून एकेका द्रावणात अर्धा तास भिजवायचा, मग दाबाच्या यंत्रात घालून चार तास ओव्हनमध्ये ठेवायचा, अंगाची जेवढी ऊब असते तेवढ्या उष्णतेत. शेवटी पांढऱ्या पट्टीवर किती रंग उतरला ते पाहायचं. वेळखाऊ काम आहे, पण अवघड नाही.

चंचल ते फार निगुतीने करायची. तिचे वडील सुपडूभाऊ शिरपूरकडचे, लिंबायतमध्ये राहून तीस वर्षं लूम चालवले. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकली, पुढे गुजरातीतून बी.एस्सी. झाली. नवरा हजीऱ्याच्या एका कारखान्यात शिफ्टमध्ये. आमच्या खानदेशी लोकांत लॅबचा पांढरा कोट घालणारी ती पहिलीच बाई, त्यामुळे लग्नकार्यात लोक तिची ओळख करून देताना आवाज जरा चढवत. तिला ते आवडायचं. तिने ते कधी लपवलंही नाही.

खोट्याची सुरुवात अगदी साधी झाली. दाबाची यंत्रं दोन होती. ऐन दिवाळीच्या मोसमात एकाची स्प्रिंग तुटली आणि नवी यायला तीन आठवडे लागले. नमुने तर रोज वीस-पंचवीस येत. चंचलने ॲसिडची चाचणी खरी केली आणि अल्कलीचा आकडा अंदाजाने लिहिला. अनुभव असा की अल्कलीत रंग किंचित जास्त उतरतो, म्हणून अर्धा गुण कमी. ॲसिडला चार आले तर अल्कलीला साडेतीन. तीन आठवडे कोणाचीच तक्रार आली नाही. स्प्रिंग आली, यंत्र दुरुस्त झालं, पण गर्दीच्या दिवशी ती तसंच करत राहिली. आणि आमच्याकडे गर्दीचा नाही असा दिवस कोणता?

मी ते आकडे टाइप करायचो. चार, साडेतीन. साडेचार, चार. काही वर्षांनी माझी बोटं दुसरा आकडा कागद न बघताच मारायला लागली. तेव्हा मला काही कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. कळलं होतं, पण मी त्याच्या मागे लागलो नाही.

द्रावणं बनवायचं काम सरलाबाईंचं. त्या पारोळ्याकडच्या, आठवी शिकलेल्या, पन्नाशीच्या. काट्यावर एकेक पूड तोलायची, पाण्यात विरघळवायची, बाटल्यांवर लेबल लावायचं आणि संध्याकाळी सगळ्या बाटल्या धुऊन ठेवायच्या. अकरा वर्षांत त्यांच्या हातून एक बाटली फुटली नव्हती. चंचल त्यांना मावशी म्हणायची. दुपारी दोघी एकाच डब्यातून जेवत.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आपल्या सरकारची आणि परदेशातल्या काही देशांच्या गटाची व्यापाराची बोलणी चालू होती. कारखान्याच्या मालावरच्या जकातीचं बरंचसं जुळत आलंय, असं पेपरात यायचं. घोडं अडलं होतं ते जकात सोडून बाकीच्या अडथळ्यांवर, म्हणजे नियम, प्रमाणपत्रं आणि तपासण्यांवर. सुरतेच्या दृष्टीने प्रश्न एवढाच होता की इथे तपासलेलं कापड तिथल्या बंदरावर पुन्हा तपासायचं की नाही. पुन्हा तपासायचं म्हणजे माल महिनाभर गोदामात पडून राहणार आणि तोवर तिकडचा मोसम उलटणार. आपली बाजू म्हणत होती, आमच्या लॅबचा रिपोर्ट माना. समोरची बाजू म्हणत होती, आधी लॅब बघू द्या.

या प्रश्नावर सुरतेत सगळ्यात जास्त बोलायचे ते धुडकूअण्णा. अण्णा मूळचे डाइंगमधले कामगार, पुढे रंगमास्तर झाले, आता पलसाण्याला त्यांचं स्वतःचं छोटं डाइंग हाऊस आहे. लहान मुलांच्या कपड्यांचं कापड ते बाहेर पाठवत. त्यांचा एक मोठा माल तिकडच्या बंदरावर नापास झाला होता, घामाने रंग उतरतो म्हणून. आमच्या रिपोर्टात मात्र तो पास होता. तो रिपोर्ट अण्णांनी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवला होता आणि व्यापाऱ्यांच्या दर बैठकीत ते तो वर धरून दाखवत.

शेवटी दोन्ही बाजूंचं एक संयुक्त पथक सुरतेला आलं. एका हॉटेलच्या हॉलमध्ये बैठक ठेवली होती. मिलवाले, व्यापारी, लॅबवाले, सगळे होते. गोपालभाईंनी चंचलला आणि मला बरोबर नेलं. चंचल नवीन साडी नेसून आली होती.

धुडकूअण्णा उठले. हिंदीत बोलायला लागले आणि रंगात आले तसे मधूनच मराठीत घसरले. "जकात कमी करता आणि तपासणीच्या नावाखाली दार लावून घेता. माझा माल तुम्ही नापास केला. हा बघा आमचा रिपोर्ट. अल्कलीला साडेतीन. आमच्या गावाकडच्या पोरीने तपासलेलं आहे, ती इथेच बसलीय. ती खोटं लिहिणार नाही."

लोकांनी माना वळवून चंचलकडे पाहिलं. काहींनी टाळ्या वाजवल्या. तिने हात जोडले.

मग पथकातल्या परदेशी तज्ज्ञ बाई बोलल्या. पिकलेले केस, हळू आवाज. आपल्याकडचे एक अधिकारी त्यांचं बोलणं हिंदीत सांगत होते. बाई म्हणाल्या की दोन महिन्यांपूर्वी त्यांनी एकच कापड सहा तुकडे करून सुरतेतल्या सहा लॅबना पाठवलं होतं, साध्या गिऱ्हाइकाच्या नावाने. ते कापड मुद्दाम अशा रंगात रंगवलेलं होतं की ॲसिडमध्ये रंग टिकावा आणि अल्कलीत उतरावा. पडद्यावर सहा रांगांचा तक्ता आला. लॅबची नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. पाच रांगांत अल्कलीपुढे दोन होता. चौथ्या रांगेत साडेतीन.

मी चंचलकडे पाहिलं नाही. पाहायची हिंमत नव्हती.

"चौथ्या लॅबमध्ये एकतर द्रावण चुकलं, नाहीतर कापड द्रावणात घातलंच गेलं नाही," अधिकारी सांगत होते. "मॅडम म्हणतात, कोणतं ते आम्हाला माहीत नाही. सहापैकी पाच लॅबनी चांगलं काम केलंय. पण बंदरावर बसलेल्या माणसाला हा कागद त्या पाचांतला की उरलेल्या एकाचा, हे कसं ओळखू येणार?"

धुडकूअण्णांनी हातातलं पाकीट खाली ठेवलं आणि ते पाणी प्यायले. चौथी लॅब कोणती ते त्यांना तेव्हा माहीत नव्हतं.

गोपालभाईंना मात्र संध्याकाळी पत्राने कळवण्यात आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आम्हा तिघांना केबिनमध्ये बोलावलं, चंचल, सरलाबाई आणि मी. गोपालभाई हिंदी-गुजराती मिसळून बोलतात, मी इथे मराठीत लिहितो.

"दोनच शक्यता आहेत," ते म्हणाले. "चंचलबेन, तुम्ही कापड बुडवलं होतं?"

चंचल म्हणाली, "हो."

एवढं एकच अक्षर. ते ऐकून मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिलो.

"मग द्रावण चुकलं. दोन्ही बाटल्यांत ॲसिडच गेलं असणार. सरलाबेन?"

"मी चिठ्ठी बघूनच तोलते, शेठ," सरलाबाई म्हणाल्या. त्यांनी एकदा चंचलकडे पाहिलं. रागाने नाही. कोणी काही सांगणार आहे का म्हणून थांबून पाहावं, तसं. चंचल पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. सोमवारपासून येऊ नका, असं गोपालभाईंनी सांगितलं. सरलाबाईंनी कपाटातून आपला डबा आणि चष्म्याचं घर घेतलं आणि त्या जिना उतरून गेल्या.

त्यानंतरचे आठ दिवस चंचल दोन्ही चाचण्या करत होती, अगदी नेमाने. जेवायला बाहेर जायची. माझ्याशी कामापुरतं बोलायची. नवव्या दिवशी दुपारी तिने नमुन्यांचा कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि तिथेच उभी राहिली.

"योगेंद्रभाऊ, मी कापड बुडवलं नव्हतं."

"माहीत आहे," मी म्हणालो.

तिने मान वर केली. "कधीपासून?"

"तू लिहायच्या आधी मी साडेतीन टाइप करायचो, चंचल."

ती समोरच्या स्टुलावर बसली. दोघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं. पाच वर्षं शेजारी काम करताना दोघांनी एक गोष्ट न बोलता सांभाळली होती, आणि ती उघड बोलल्यावर आम्ही अचानक एकमेकांना परके झाल्यासारखे वाटलो. मग ती म्हणाली, "मावशीकडे जायचंय. एकटीचे पाय उचलत नाहीत."

रविवारी दुपारी मी तिला स्कूटरवर डिंडोलीला घेऊन गेलो. सरलाबाई खोलीत खाली बसून साडीवर खडे चिकटवत होत्या. घरी बसून बायका करतात ते काम. सुनेने पाणी दिलं आणि ती आत गेली. चंचलने ग्लास तसाच हातात धरून सांगून टाकलं. कापड बुडवलं नाही, पाच वर्षं बुडवत नव्हते, केबिनमध्ये खोटं बोलले.

सरलाबाईंचा हात थांबला नाही. एक खडा बसवून झाला, मग दुसरा. घरी त्या अहिराणीच बोलतात.

"माले माहीत व्हतं, बाई," त्या म्हणाल्या. "बाटल्या कोन धुये? मीच ना. ॲसिडनी बाटली रिकामी राहे आन् दुसरी भरेल. रोज भरेल बाटली मोरीम्हा ओतू मी."

अल्कलीची बाटली रोज भरलेलीच मोरीत जात होती. चंचलने ग्लास जमिनीवर ठेवला.

"मग बोलल्या का नाहीत, मावशी? त्या दिवशी तरी?"

सरलाबाईंनी चष्मा काढला आणि पुसला. "तू शिकेल शे. माले वाटनं, आसंच राहत व्हई. काहीतरी हिशोब व्हई तुना." शिकलेल्या मुलीचा काही हिशोब असेल, असं त्यांनी धरलं होतं. मग त्या माझ्याकडे बघत मराठीत म्हणाल्या, "त्या दिवशी कळलं तसं नव्हतं. पण ती हो म्हणाली. आता तिच्या तोंडावर मी नाही कशी म्हणू? जेवायला एकत्र बसायचो ना."

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. चंचल रडली नाही. मला वाटतं, रडायचाही आपल्याला हक्क नाही असं तिला वाटत असावं. निघताना ती पाया पडायला वाकली, तर सरलाबाई साडी सावरत मागे सरकल्या. म्हणाल्या, "नको. खडे पायात जातील." खडे सगळे वाटीत होते.

सोमवारी चंचलने गोपालभाईंच्या टेबलावर हाताने लिहिलेलं पत्र ठेवलं. माझं नावही त्यात घाल, असं मी म्हटलं होतं. तिने घातलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही. ते मला अजून खुपतं.

गोपालभाईंनी पत्र दोनदा वाचलं. "द्रावणाची चूक सुधारता येते," ते म्हणाले. "सुधारली असं लिहून दिलं की झालं. हे असं लिहून दिलं तर लॅबला कोण विचारणार? चौदा माणसं आहेत इथे."

"सरलामावशी पंधराव्या होत्या," चंचल म्हणाली.

गोपालभाईंनी पत्राची घडी घातली. मला वाटलं ओरडतील. ओरडले नाहीत. "पाच वर्षांच्या प्रत्येक रिपोर्टवर सही माझी आहे," ते शेवटी म्हणाले. "मी एकदाही केबिनबाहेर येऊन यंत्र बघितलं नाही. तुमचं पत्र जाणार नाही. मी माझं लिहीन. तुम्ही मात्र राजीनामा द्या."

त्यांनी खरोखर पथकाला कळवलं, चाचणी झाली नव्हती असं, आणि जबाबदार म्हणून स्वतःचं नाव दिलं. चंचलला हे कळलं तेव्हा ती मला म्हणाली, "हेसुद्धा दुसऱ्याच्याच नावावर गेलं." सरलाबाईंना गोपालभाईंनी गाडी पाठवून परत बोलावलं. त्या आल्या. आता संध्याकाळी प्रत्येक बाटलीत किती उरलं ते त्या भिंतीवरच्या कागदावर लिहितात. कोणी सांगितलेलं नाही.

धुडकूअण्णांकडे जायचं राहिलं होतं. ते मात्र चंचलने एकटीने केलं. पलसाण्याला गेली, रंगाच्या पिंपांमधून वाट काढत त्यांच्या ऑफिसात गेली आणि उभ्यानेच सांगितलं. पुढे तिनेच मला सांगितलं. अण्णांनी कपाटातून ते पाकीट काढलं, रिपोर्टवरची तारीख तिला दाखवली आणि विचारलं, "हासुद्धा?"

"आठवत नाही, अण्णा. पण बहुतेक हासुद्धा."

"म्हणजे ते तिकडचे लोक खरं बोलत होते." अण्णा खुर्चीत टेकले. "मी दोन वर्षं माईकवर त्यांना चोर म्हणत होतो. लहान पोरांच्या अंगावरचं कापड होतं ते." मग त्यांनी मशीनवाल्याला हाक मारून भलतंच काही काम सांगितलं. चंचल थोडा वेळ उभी राहिली आणि निघून आली. अण्णांनी तिला जा म्हटलं नाही की बस म्हटलं नाही. त्यानंतर त्यांनी बैठकीत बोलणं सोडलं. तपासणीचा बहाणा करून माल अडवणारे लोक तिकडे खरोखरच आहेत, हे अण्णांना आजही माहीत आहे. पण ते म्हणायला आता त्यांचं तोंड उघडत नाही.

बोलणी चालूच राहिली. आठ-नऊ महिन्यांनी कापडाच्या तपासणीबद्दलचं, कराराला जोडायचं एक परिशिष्ट ठरलं. ठरलेल्या यादीतल्या लॅबचा रिपोर्ट तिकडे मानायचा, पुन्हा तपासणी करायची नाही. यादीत सुरतेच्या पाच लॅब आल्या. आमची आली नाही, दोन वर्षांनी पुन्हा अर्ज करा असं कळवलं. परिशिष्टात एक नवी अटही होती. घामाच्या चाचणीत ॲसिडच्या आणि अल्कलीच्या तुकड्यांचे वेगवेगळे फोटो, तारीख आणि वेळेसकट, रिपोर्टला जोडायचे. ही अट सगळ्यांना, आपल्यालाही आणि त्यांनाही. ती कशामुळे आली, हे परिशिष्टात कुठे लिहिलेलं नाही.

चंचलला सहा महिने कोणी काम दिलं नाही. मग बारडोली रोडवरच्या एका छोट्या डाइंग हाऊसमध्ये ती लागली, तिथल्याच मालाच्या तपासण्या करायला. मुलाखतीतच तिने सगळं सांगितलं होतं. मालकाने विचार करायला आठवडा घेतला होता. लग्नकार्याला ती आता फारशी जात नाही. गेली तर मागच्या रांगेत बसते, आणि तिच्या वडिलांनीही तिची ओळख करून देणं बंद केलंय.

गेल्या महिन्यात नव्या अटीचं प्रशिक्षण होतं, सगळ्या लॅबच्या लोकांसाठी. चंचलला तिच्या मालकाने पाठवलं होतं. आमच्या लॅबकडून मी गेलो होतो. आम्ही शेजारी बसलो. समोरच्या रांगेतला एक टेक्निशियन, वराछाच्या लॅबमधला, वैतागून गुजरातीत म्हणाला, "रोज चाळीस नमुने, त्यांचे ऐंशी फोटो. कोणा मूर्खाने काय केलं म्हणून ही कटकट आपल्या गळ्यात आली?" दोघे-तिघे हसले. प्रशिक्षण देणाऱ्या बाईही हसल्या.

चंचल उभी राहिली. हळूहळू उभी राहिली, खुर्चीच्या पाठीला धरून.

"माझ्यामुळे आली," ती गुजरातीत म्हणाली. "मी एकच चाचणी करून दोन आकडे लिहीत होते. पाच वर्षं."

तो टेक्निशियन मागे वळून बघत राहिला, मग त्याने मान खाली घातली, जणू चूक त्याचीच झाली होती. मीही उभं राहायला हवं होतं. पाय हलले, पण मी उभा राहिलो तोवर ती बसली होती, त्यामुळे मी नुसताच उभा दिसलो. मग मी म्हणालो, "टाइप मी करत होतो. मला कळत होतं." आवाज फार लहान आला. मागच्यांना ऐकू गेलं की नाही, ठाऊक नाही.

बाईंनी पुढची स्लाइड लावली. चहाच्या सुट्टीत आमच्या टेबलाशी कोणी आलं नाही. मी चंचलला विचारलं, "सांगून बरं वाटलं का?"

"नाही," ती म्हणाली. "मान अजून वर होत नाही."

सुट्टी संपली. फोटो काढताना कॅमेरा कापडापासून किती अंतरावर धरायचा, उजेड कुठल्या बाजूने हवा, हे बाई सांगायला लागल्या. चंचलने वही उघडली आणि लिहून घेतलं. एक आकडा नीट ऐकू आला नाही म्हणून तिने हात वर करून तो पुन्हा विचारला.